विश्वासरावांनी पाडलेला भाव

भिंतीला पाणी घालायचं काम विश्वासराव सकाळी पहिल्यांदा उरकत. लोक झाडांना घालतात तसंच, मन लावून. जुना टॉवेल बादलीत बुडवायचा, हॉलमधल्या भिंतीला चिकटवायचा, तो घसरू नये म्हणून स्टूल टेकवून ठेवायचं आणि कॉफी येईपर्यंत पेपर वाचत बसायचं. आठवडाभरात भिंतीनं चांगला गुण दाखवला. रंगाला फुगे आले, एका जागी पोपडा सुटला, आणि मधोमध रागीट चेहऱ्यासारखा एक डाग उमटला.

"आता थोडं खतही घाला," चंदना कॉफीचा लोटा ठेवत म्हणाली. चंदना म्हणजे त्यांची बायको.

"तुला व्यवहार कळत नाही."

"व्यवहार नाही कळत. डाग कळतो. हा आता जायचा नाही."

व्यवहार असा होता. बेंगळूरच्या चामराजपेटेतला हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विश्वासरावांच्या वडिलांचा, आप्पाजींचा. एक हॉल, एक झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि रस्त्यावर डोकावणारी गॅलरी. आप्पाजी नव्वदी पार करून गेल्या वर्षी गेले. मृत्युपत्र त्यांनी केलं नव्हतं, कारण आपण जाणार यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास नव्हता. त्यामुळे अर्धं घर विश्वासरावांचं आणि अर्धं शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहणाऱ्या धाकट्या बहिणीचं, मथुराचं. मथुराला तिचं अर्धं पैशांत हवं होतं. विश्वासरावांना अख्खं घर हवं होतं, कारण मिसरूड फुटल्यापासून ते इथंच राहत होते आणि दुसरीकडे झोप लागते यावर त्यांचा भरवसा नव्हता. निवृत्तीचा पैसा बँकेत होता. घर कवडीमोलाचं ठरलं तर तेवढ्यात बहिणीचा हिस्सा देता येत होता. घर चांगलं ठरलं तर येत नव्हता. तेव्हा घर वाईट असणं भाग होतं.

त्यांना खरी भीती नव्हती, कारण मथुराला हे घर आवडत नसे. ती मारतहळ्ळीला अकराव्या मजल्यावर राहायची, लिफ्टनं जायची, लिफ्टनं यायची. वर्षातून दोनदा चामराजपेटेत यायची ती पदर नाकाला लावून, आणि जिना चढून झाला की विचारायची, "अण्णा, इथं माणसं कशी राहतात रे?" या प्रश्नाचा विश्वासरावांना वर्षानुवर्षं राग यायचा. आता त्यांना तो प्रश्न आशीर्वादासारखा वाटू लागला होता.

किंमत ठरवायला सरकारमान्य माणूस आणायचं ठरलं. वेळ विश्वासरावांनी नेमली: सकाळी अकरा. अकराला खालच्या कॉफीच्या दुकानात बिया भाजायचं यंत्र पूर्ण जोरात असतं. धूर थेट गॅलरीत येतो आणि घरघर अशी की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. दुकान शिवलीला अक्कांचं. राहायला त्या पहिल्या मजल्यावर. बाई कन्नड. पण चाळीस वर्षं डोक्यावर या कुटुंबाची भांडणं ऐकून त्यांना भांडणापुरतं मराठी उत्तम येत होतं. आप्पाजींच्या काळापासून दर शनिवारी ताज्या पुडीचा, म्हणजे दळलेल्या कॉफीचा, एक पुडा त्या वर पाठवायच्या. पैसे कधी घेतले नाहीत.

ठरल्या वेळी मथुरा आली, आणि तिच्या मागून किंमत ठरवणारे दयानंद. निपाणीकडचा माणूस, पोट पुढे, हातात लेसरचं माप, चेहऱ्यावर जगातली सगळी घरं बघून झाल्याचा कंटाळा.

मथुराच्या नाकाला आज पदर नव्हता. दारातच तिनं खोल श्वास घेतला, देवळात आल्यासारखा.

"काय वास आहे बघा! अस्सल कॉफी," ती दयानंदांना म्हणाली. "आमच्याकडे अशा वासाची बाटली विकत घ्यावी लागते."

विश्वासरावांनी बहिणीकडे पाहिलं. तिनं शत्रूला द्यावं तसं गोड हसू दिलं.

"टाइल्स बघा," ती म्हणाली. "जुनं काम. आता मिळत नाही."

"जुनं म्हणजे फुटलेलं," विश्वासराव म्हणाले.

"मेट्रो इथून चालत."

"धावत. तेही कुत्रं मागं लागलं तर."

"मार्केट जवळ आहे."

"जवळ नाही, अंगावर आहे."

दयानंद कुणाकडेच न बघता भिंतींवर लाल ठिपका नाचवत होते. "बोला की, बोला," ते म्हणाले. "मी ऐकायलोय. दोघं बोलला की मला मधला आकडा सापडतोय."

विश्वासरावांनी त्यांना झोपायची खोली दाखवली आणि तिला अडगळीची खोली म्हटलं. खोली आणि बाथरूम यांच्यामधली जागा दाखवली आणि तिला बोळ म्हटलं. तिथं मथुरा पहिल्यांदा गप्प झाली. मग त्यांनी सरकारमान्य माणसाला हॉलमध्ये आणून भिंतीसमोर उभं केलं आणि प्रेतयात्रेत बोलावं तशा आवाजात म्हणाले, "ओल."

दयानंदांनी डागावर तळहात ठेवला. वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा डागाकडे बघितलं.

"साहेब, ओल वरनं उतरती, नाहीतर खालनं चढती. ही मधीच कशी काय येऊन बसली वो?"

"ही बाहेरून येते. पाऊस आडवा लागतो."

"भिंतीच्या पलीकडं काय हाय?"

"जिना," स्वयंपाकघरातून चंदनाचा आवाज आला. "कोरडा."

विश्वासराव त्यांना घाईनं गॅलरीत घेऊन गेले. गॅलरीवर त्यांची मोठी भिस्त होती. खाली यंत्र घरघरत होतं, धूर व्यवस्थित वर येत होता. दयानंदांनी रुमाल काढला. विश्वासरावांना हुरूप आला. यंत्राच्या वरताण आवाज लावून त्यांनी गल्लीचा पंचनामा सुरू केला. नळाचं पाणी केव्हा येईल सांगता येत नाही! फुलवाल्यांचा कचरा दारात सडतो! रिक्षावाले हॉर्नवर झोपतात! धुरानं इथली माणसं खोकून खोकून मरतात!

"शेजार कसा हाय?" दयानंद त्यांच्या कानात ओरडले.

"शेजार?" विश्वासराव छाती भरून ओरडले. "नाव नका काढू! ही गल्ली म्हणजे चोर! एकजात सगळे चोर आणि—"

इथं लाइट गेली.

यंत्र थांबलं. रसवंतीचं चाक थांबलं, झेरॉक्सचं दुकान थांबलं, अख्ख्या गल्लीनं श्वास धरला. विश्वासरावांचा आवाज मात्र विजेवर चालत नव्हता. तो त्याच पट्टीत पुढे गेला आणि "चुगलखोर!" हा शब्द स्वच्छ, सुटा, सगळ्यांना सारखा वाटला जाईल असा खाली रस्त्यावर पडला.

रिक्षावाल्यांनी माना वर केल्या. फुलवालीनं दोरा दातात धरला तो धरूनच ठेवला. तिसऱ्या मजल्यावरचे भीमाचार्य फाटकात एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. त्यांना त्यांचा फ्लॅट विकायचा होता. गिऱ्हाईक वर बघत होतं, आणि भीमाचार्य गिऱ्हाइकाकडे.

शिवलीला अक्का दुकानाबाहेर आल्या. पदराला हात पुसले.

"काय री विश्वासराव," त्या कानडी अदबीनं म्हणाल्या. "मी चोरांत येते की नुसती धुरात?"

"अक्का, तसं नाही... हे सरकारी काम आहे. तसं बोलावं लागतं."

"आप्पाजी चाळीस वर्षं हा धूर पिऊन नव्वदीपार गेले. शेवटपर्यंत खोकले नाहीत. तुम्ही मात्र पहिल्यापासून खोकताय. पैसे द्यायची वेळ आली की."

कुणी हसलं नाही, हे विश्वासरावांना जास्त लागलं.

आत येऊन दयानंदांनी खुर्चीत बसता बसता तोंडी आकडा सांगितला. "बावन्न लाख. कागद मागनं देतो."

"बावन्न!" विश्वासराव ओरडले. "ओल धरलीत का?"

"धरली की. टॉवेलसकट."

बावन्नचे अर्धे देणं म्हणजे बँकेतलं सगळं देऊन वर उसनं काढणं. विश्वासराव खोलीभर दोन फेऱ्या मारून आले आणि मग थांबले. त्यांना आप्पाजी आठवले. आप्पाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ वेगळे झाले तेव्हा ना वकील आला ना सरकारमान्य कुणी. घराण्याची रीत एकच: मोठ्यानं वाटे घालायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. भांडी, जमीन, गाय, सगळं तसंच वाटलं गेलं. लहानपणी बदामी आंबासुद्धा याच रीतीनं वाटला जायचा. विश्वासराव कापायचे, मथुरा उचलायची.

"हे परके आकडे मला मान्य नाहीत," ते ताठ उभे राहून म्हणाले. "आपल्या घरात रीत आहे. मोठा मी आहे. घराचा भाव मी सांगणार. मग तू ठरव, त्या भावानं घर घ्यायचं की त्या भावानं पैसे घ्यायचे. धाकट्यानं उचलायचं."

मथुरानं पदर खोचला.

"भाव तू सांगणार? कितीही?"

"कितीही. मोठा मी आहे."

"आणि उचलणार मी."

"उचल की. घर उचल, नाहीतर पैसे उचल."

"सरी," मथुरानं कानडीत होकार दिला. "येत्या रविवारी."

दयानंदांनी माप खिशात टाकलं. "असंच असतंय तर मला कशाला बोलावलासा?" म्हणाले, आणि फी घेऊन जिना उतरले. उतरताना जिन्याच्या बाजूनं त्या भिंतीवरून त्यांनी एकदा हात फिरवलेला सगळ्यांनी पाहिला.

विश्वासराव त्या दिवशी पोटभर जेवले. मथुरा इथं राहायला येणार नाही, हे तर सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. गुडघे तिचे, जिना आमचा. मग भाव काय, तोंडाला येईल तो.

"मला भीती वाटते," चंदना म्हणाली.

"कसली?"

"ती सरी म्हणाली. तुमच्या म्हणण्याला ती कधी सरी म्हणाली होती?"

पुढचा आठवडा गल्लीनं विश्वासरावांचं म्हणणं अक्षरशः खरं करून दाखवायचं मनावर घेतलं. फुलवालीचा कचरा आजवर उकिरड्याशी पडायचा, तो आता फाटकाच्या त्यांच्याच बाजूला पडू लागला. त्यांना शिवाजीनगरला जायचं होतं तर स्टँडवरचा एकही रिक्षावाला उठला नाही. "चोराच्या गाडीत कशाला बसता सर? बस मिळते," एक जण अदबीनं म्हणाला. भीमाचार्यांचं गिऱ्हाईक परत आलं नाही, आणि भीमाचार्यांचा नमस्कारही. शनिवारी पुडा आला नाही. चंदना खाली जाऊन पुडी घेऊन आली.

"पैसे घेतले?" विश्वासरावांनी विचारलं.

"घेतले. म्हणाल्या, धुराचे वेगळे लावले नाहीत."

"बघितलंस? मी म्हटलं नव्हतं, कशी माणसं आहेत?"

"तुम्ही म्हटल्यावर झाली," चंदना म्हणाली.

रविवारी मथुरा आली ती शिवलीला अक्कांना बरोबर घेऊन.

"या कशाला?" विश्वासराव म्हणाले.

"साक्षीला. आप्पाजींच्या वाटणीलाही बाहेरचा माणूस होता."

"या माझ्यावर रागावलेल्या आहेत."

"म्हणून तर खोटी साक्ष देणार नाहीत. तुमच्या बाजूनं तर नाहीच," अक्का म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या. मथुराही उभी होती. तिला कुणी बसायला दिलं नव्हतं. ती आली की या घरात सगळ्या खुर्च्यांवर काही ना काही वाळत घातलेलं असायचं, ही जुनी गोष्ट.

विश्वासरावांनी घसा साफ केला. मनात अठ्ठावीस ठरवले होते. पण मोठेपणा म्हणून दोन वाढवले.

"तीस लाख. म्हणजे अर्धे पंधरा. घर घेशील तर तू मला पंधरा दे, पैसे घेशील तर मी तुला पंधरा देतो. उचल."

"नीट ऐकलंत ना अक्का?"

"ऐकलं."

"मी घर उचललं," मथुरा म्हणाली.

विश्वासराव हसले. थट्टा कळल्यावर हसतात तसे. बाकी कुणी हसत नाही हे लक्षात येईपर्यंत ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, भिंतीवरच्या डागासारखं.

"तू इथं राहणार?"

"छे. या धुरात कोण राहील?"

"मग?"

"अक्का कॉफीच्या पोत्यांसाठी जागा शोधतायत. भाड्यानं घेतील. बियांना पाणी लागत नाही, हॉर्नचा त्रास होत नाही, शेजारी चुगलखोर असले तरी चालतात."

"पोती? या हॉलमध्ये? अगं, ओल आहे इथं! बिया सडतील!"

शिवलीला अक्कांनी पुढे होऊन डागावर हात ठेवला. आठवडाभर टॉवेल मिळाला नव्हता. भिंत खडखडीत वाळली होती.

"टॉवेल लावला नाही तर नाही सडायच्या," त्या म्हणाल्या.

आणि मग विश्वासराव जे बोलले ते गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. बावन्न लाखांचं घर तू पंधरा देऊन घेतेस? अगं, या टाइल्स बघ, असं काम आता कुठं मिळतं? मेट्रो चालत आहे! मार्केट खाली, फुलं ताजी, रात्री ताप आला तर रिक्षा दारात! आणि शेजार! असा शेजार साऱ्या बेंगळूरात दाखव! अक्कांची पुडी—

"पुडीचे आता पैसे पडतात," अक्का म्हणाल्या.

"मी भाव बदलतो. मथू, मी पुन्हा सांगतो, नीट सांगतो."

"मोठ्यानं वाटा एकदाच घालायचा. कापलेल्या आंब्याला पुन्हा सुरी लावतात का?"

"तू सूड घेतेस."

"हो," मथुरा म्हणाली. "त्या दिवशी त्या माणसाला तू बाथरूमसमोरची जागा दाखवलीस. बोळ म्हणालास. लग्न होईपर्यंत मी तिथं झोपत होते, अण्णा. तुला अभ्यासाला खोली हवी म्हणून."

"बोळच होता तो!"

"होता ना. हे तू तेव्हा म्हणाला असतास तर मला खोली मिळाली असती."

विश्वासराव चिडले. "तुला हे घर कधी आवडलं नाही! नाकाला पदर लावून यायचीस! मला काय ठाऊक तू हेच उचलशील?"

"तुला ठाऊक असायला हवं होतं. आंबा कापलास की तू चांगली दिसणारी फोड माझ्यापुढे करायचास आणि बघत राहायचास दुसरीकडे. मी नेहमी तू बघतोस ती उचलायचे. ती गोड असायची." तिनं हॉलभर नजर फिरवली. "एवढ्या शिव्या घातल्यास या घराला. पण सगळा वेळ बघत होतास याच्याकडेच."

मग चंदनानं विचारलं, "मथुरा, आम्ही कुठं जायचं गं?"

"वैनी, तुमच्याशी माझं भांडण नाही. राहायचं तर भाडेकरू म्हणून राहा. भाडं अण्णानं सांगायचं, मोठा तो आहे. अक्कांनी त्यांचं भाडं मला सांगितलंय, ते मी सांगणार नाही. अण्णानं सांगितलं की मी उचलते. एक तर अण्णा, नाहीतर पोती."

"आधी अक्कांचा आकडा सांग," विश्वासराव म्हणाले.

"नाही."

"साधारण तरी?"

"आंबा कापताना मी कुठली उचलणार ते तुला सांगत होते का?"

विश्वासरावांच्या तोंडात सवयीनं शब्द आले होते: असल्या घराला, या गल्लीत. त्यांनी ते गिळले. ते गॅलरीत गेले. रविवारची अर्धी गल्ली उघडी होती. फुलवाली दोरा ओवत होती. रिक्षावाले उन्हातून सावलीत गाड्या सरकवत होते. खालून ताज्या बियांचा वास येत होता. त्या वासानंच त्यांना चाळीस वर्षं जाग आली होती. ही जागा गेली तर आपण मारतहळ्ळीच्या कुठल्या तरी भाड्याच्या घरात लिफ्टची वाट बघत उभे आहोत, असं त्यांना स्वच्छ दिसलं. ते वळले आणि बायकोचाही सल्ला न घेता, अगदी हळू आवाजात, या घराची खरी किंमत काय ती पहिल्यांदा बोलले.

नेमकं तेव्हाच खाली यंत्र सुरू झालं.

"काय?" मथुरा म्हणाली.

विश्वासराव पुन्हा बोलले.

"ऐकू येत नाही!"

"बावीस हजार!" विश्वासराव ओरडले. खाली रिक्षावाल्यांनी माना वर केल्या. "बावीस हजार महिना!"

"सर, एवढे?" खालून एक जण म्हणाला. "चोरांच्या गल्लीत?"

"सरी," मथुरा म्हणाली. "आणि दहा महिन्यांचा अॅडव्हान्स. ती या गावची रीत आहे. ती पण मोठ्यांनीच घालून दिलीय."

शिवलीला अक्का दाराकडे निघाल्या. उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या.

"मी चौदा म्हणाले होते," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरल्या.

विश्वासराव भिंतीला टेकले. ती कोरडी होती. चंदनानं त्यांच्या पायाशी पडलेलं टॉवेलाचं स्टूल उचललं, पदरानं पुसलं, आणि हॉलच्या मधोमध नेऊन मालकिणीला बसायला दिलं.